गेम माझ्या कन्सोलवर का येत नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवा गेम जाहीर झाला की त्याच दिवशी विचारणा सुरू होते: आमच्या कन्सोलवर (घरी गेम खेळायच्या यंत्रावर) येणार का, येणार नसेल तर का नाही, आणि यात दोष कुणाचा. मी काही वर्षं पोर्टिंग करणाऱ्या, म्हणजे एका यंत्रासाठी बनलेला गेम दुसऱ्या यंत्रावर आणणाऱ्या चमूत टेस्टिंगचं काम केलं आहे, त्यामुळे असे प्रश्न माझ्याकडे वळतात. सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे लागली तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. ‘थर्ड पार्टी’ म्हणजे नेमकं कोण?

कन्सोल बनवणारी कंपनी आणि तिच्या मालकीचे स्टुडिओ म्हणजे फर्स्ट पार्टी. बाकी सगळे थर्ड पार्टी, मग तो कॅपकॉम किंवा ईएसारखा मोठा पब्लिशर (गेमला पैसा लावून तो विकणारी कंपनी) असो, नाहीतर एका खोलीत बसून एकट्याने गेम लिहिणारा प्रोग्रामर.

ही जमात जन्माला आली १९७९ साली. अटारी या कन्सोल कंपनीतल्या काही प्रोग्रामरांच्या गेमवर कंपनी बक्कळ कमावत होती आणि डब्यावर त्यांचं नावसुद्धा छापत नव्हती. ते बाहेर पडले आणि अॅक्टिव्हिजन उभी राहिली. अटारीने खटला भरला, तो १९८२ मध्ये तडजोडीने मिटला. त्यानंतर दुसऱ्याच्या यंत्रासाठी गेम बनवून विकणं हा रीतसर धंदा झाला.

२. कन्सोल कंपनी सगळे गेम स्वतःच का बनवत नाही?

तिला तेवढं झेपणारच नाही. कुणाला फुटबॉल हवा असतो, कुणाला भयपट, कुणाला शंभर तासांची कथा. एवढं सगळं एका छताखाली निघत नाही.

दुसरं कारण पैशाचं. २०२१ मध्ये एपिक ही गेम कंपनी आणि अॅपल यांच्या खटल्यात मायक्रोसॉफ्टच्या वतीने साक्षीत सांगितलं गेलं की एक्सबॉक्सचं यंत्र विकून कंपनीला कधीच नफा झालेला नाही. कमाई होते ती पुढे विकल्या जाणाऱ्या गेममधल्या वाट्यातून. डिजिटल स्टोअरवर हा वाटा साधारण ३० टक्के असतो. म्हणजे बाहेरच्यांचे गेम आले नाहीत तर यंत्रावर सोसलेलं नुकसान भरूनच निघत नाही.

याच्या उलट प्रयोगही झाला. १९९३ मध्ये आलेल्या थ्रीडीओ या कन्सोलच्या कंपनीने डेव्हलपरांकडून, म्हणजे गेम बनवणाऱ्यांकडून, प्रत्येक डिस्कमागे फक्त ३ डॉलर घेतले, आणि ही रक्कम त्या काळात फारच कमी होती. पण यंत्र बनवत होत्या पॅनासोनिकसारख्या परवानाधारक कंपन्या. त्यांना गेममधून वाटा नव्हता, म्हणून नफा यंत्रातच काढावा लागला. किंमत ६९९ डॉलर झाली, ग्राहक फिरकले नाहीत आणि मग डेव्हलपरही फिरकले नाहीत.

३. गेम आणायचा की नाही हे कोण ठरवतं, आणि कशावर?

बहुतेक वेळा पब्लिशर ठरवतो, कारण पैसा त्याचा असतो. छोट्या स्टुडिओत डेव्हलपर आणि पब्लिशर एकच असतात. हिशोब सगळीकडे सारखाच. त्या कन्सोलवर जादा प्रती किती खपतील? स्टोअरचा वाटा गेल्यावर हातात किती उरेल? त्यातून पोर्टचा, टेस्टिंगचा आणि पुढची दोन-तीन वर्षं अपडेट देत राहण्याचा खर्च वजा जातो. आणि तेवढ्या काळात हीच माणसं दुसरं काय करू शकली असती?

यातल्या ‘जादा’ या शब्दाकडे नीट बघा. ज्याच्याकडे दुसरा कन्सोल किंवा पीसी आहे आणि जो तिथे गेम घेणारच आहे, त्याच्यासाठी आणखी एक आवृत्ती काढून पब्लिशरच्या पदरात नवं काहीच पडत नाही. म्हणून एखाद्या कन्सोलचे लाखो चाहते असूनही हिशोब जमत नाही.

शेवटचा मुद्दा बाहेरून दिसत नाही, पण मी जवळून पाहिलेले बहुतेक नकार तिथेच ठरले. इंजिनच्या (गेम ज्यावर चालतो त्या मूळ कोडच्या) पोटात शिरून मेमरी वाचवू शकणारे प्रोग्रामर कोणत्याही स्टुडिओत मोजके असतात. पोर्टला तेच लागतात आणि पुढच्या गेमलाही तेच.

४. निन्टेंडोचा ‘वी’ दहा कोटींवर खपला. तरी मोठे गेम त्याच्यावर का आले नाहीत?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. कन्सोल किती खपले यावरून आपला गेम किती खपेल हे कळत नाही, एवढं त्याचं मूळ उत्तर.

वी २००६ साली आला आणि त्याची विक्री १० कोटी १६ लाखांवर गेली. पण त्याची मेमरी होती ८८ एमबी, तर एक्सबॉक्स ३६० ची ५१२ एमबी. वीला एचडी चित्र दाखवता येत नव्हतं. ३६० आणि सोनीच्या प्लेस्टेशन ३ साठी लिहिलेला गेम वीवर ‘उतरवणं’ शक्यच नव्हतं, तो नव्याने बनवावा लागे. तेवढा खर्च करूनही ग्राहक वेगळाच निघे. घरातल्या सगळ्यांनी मिळून बोलिंग खेळायला ज्यांनी वी घेतला, ते पन्नास तासांचा युद्धपट घेतील याची खात्री कुणालाच नव्हती, आणि ज्याला युद्धपट हवा होता त्याने ३६० घेतलेला असे.

त्या ग्राहकाला साजेसा गेम ज्याच्याकडे होता, त्याला मात्र वीने भरभरून दिलं. युबिसॉफ्टचा ‘जस्ट डान्स’ २००९ मध्ये वीवरच सुरू झाला. त्याची पुढची गोष्ट प्रश्न १५ मध्ये.

५. कोड तयार असतो. दुसऱ्या कन्सोलसाठी काढायला एवढा वेळ कशाला? हा आळस नाही का?

नाही. हा शब्द वाचला की मला खरंच वाईट वाटतं, कारण त्या कामातल्या रात्री मी पाहिल्या आहेत.

आधी गेम त्या यंत्रावर सुरू करायचा. ग्राफिक्सची आज्ञावली वेगळी, सेव्ह ठेवायची पद्धत वेगळी, मित्रांची यादी, ट्रॉफी, ऑनलाइन खातं सगळंच वेगळं. मग वेग. मेमरी कमी असेल तर टेक्स्चर (वस्तूंवर चढवलेली चित्रं) लहान करायची, गर्दी कमी करायची, आणि ते करताना गेमचा जीव जाऊ द्यायचा नाही. ‘डूम’ २०१७ मध्ये निन्टेंडोच्या स्विचवर आला तेव्हा सेकंदाला ६० ऐवजी ३० फ्रेमवर (चित्रांवर) उतरवावा लागला. ‘विचर ३’ २०१९ मध्ये ३२ जीबीच्या एका कार्डात बसला. हे दोन्ही पोर्ट बाहेरच्या खास चमूंच्या मदतीने झाले आणि माझ्या मते या कामातले उत्तम नमुने आहेत.

एवढं झाल्यावर येतं सर्टिफिकेशन. कन्सोल कंपनी स्वतः गेम तपासते आणि नियमांची यादी लांबलचक असते. सेव्ह होताना जागा संपली तर काय दिसेल? गेम मध्येच झोपवून दुसऱ्या दिवशी उठवला तर? पडद्यावरच्या सूचनेत बटणाचं नाव त्या कंपनीच्या शब्दात आहे ना? जपानात प्लेस्टेशनवर होकारासाठी वर्तुळाचं बटण दाबायची रीत प्लेस्टेशन ४ पर्यंत होती आणि इतरत्र फुलीचं बटण होतं. प्रत्येक मेन्यूत हे सांभाळावं लागे.

एक प्रसंग सांगते. कंट्रोलरचा संपर्क तुटला की गेम थांबला पाहिजे आणि ‘कंट्रोलर जोडा’ अशी पाटी दिसली पाहिजे, ही साधी अट. आम्ही ती शेकडो वेळा तपासली होती. तपासणाऱ्याने कंट्रोलरची बॅटरी काढली ती नेमकी एका व्हिडिओ दृश्याच्या मध्ये. पाटी आली, पण व्हिडिओच्या मागे. पडद्यावर दृश्य चालूच, गेम मात्र थांबलेला, आणि खेळणाऱ्याला कशाचाच पत्ता नाही. गेम परत आला. दुरुस्ती चार ओळींची होती. पण ती केल्यावर अडतीस दृश्यं पहिल्यापासून तपासली, पुन्हा रांगेत लागलो, आणि ठरलेली तारीख गेली. हे फक्त एका कन्सोलचं. दुसऱ्याची यादी वेगळी.

६. युनिटी किंवा अनरिअलसारखं तयार इंजिन वापरलं तर एकच गेम सगळीकडे चालायला हवा ना?

निम्मं काम वाचतं, हे खरं. स्विचवर पहिल्या वर्षापासून बाहेरचे गेम आले त्यात ही दोन्ही इंजिनं तिथे चालत होती याचा मोठा वाटा आहे. वेग, मेमरी आणि सर्टिफिकेशन (प्रश्न ५) मात्र इंजिन सोडवत नाही.

गोडोसारख्या मुक्त इंजिनाची अडचण वेगळी. कन्सोलची विकास साधनं गुप्ततेच्या कराराखाली मिळतात, त्यामुळे तो कोड सर्वांना खुल्या असलेल्या इंजिनात घालता येत नाही. म्हणून गोडोच्या मूळ मंडळींपैकी काहींनी कन्सोल पोर्टसाठी डब्ल्यूफोर गेम्स ही वेगळी कंपनी काढली.

७. यंत्र अवघड असेल तर डेव्हलपर सोडून देतात का?

यंत्र अवघड आणि खप कमी असेल, तर हो. यंत्र अवघड आणि खप प्रचंड असेल, तर दात-ओठ खात शिकतात.

सेगा सॅटर्नमध्ये दोन एसएच-२ प्रोसेसर होते आणि ते एकत्र नीट राबवणं भल्याभल्यांना जमलं नाही. शेजारी प्लेस्टेशन सोपं आणि जास्त खपणारं, त्यामुळे कल लगेच ठरला. प्लेस्टेशन २ सुद्धा सोपं नव्हतं. पण ते १५ कोटींवर खपलं, आणि तिथे न जाणं कुणालाच परवडलं नाही.

प्लेस्टेशन ३ या दोघांच्या मधलं. त्याच्या सेल प्रोसेसरमध्ये एक मुख्य गाभा आणि गेमसाठी वापरता येणारे सहा छोटे गाभे होते. प्रत्येकाला काम हाताने वाटून द्यायचं. मेमरीही २५६ आणि २५६ एमबी अशी दुभागलेली. ३६० वर ५१२ एमबी सलग मिळे, म्हणून बरेच गेम आधी ३६० वर बनत आणि प्लेस्टेशन ३ वर धापा टाकत. ‘बायोनेटा’ हे ठळक उदाहरण. वाल्व्ह या गेम कंपनीच्या गेब न्यूवेल यांनी २००७ मध्ये या यंत्रावर उघड टीका केली होती. तेच २०१० मध्ये सोनीच्या मंचावर ‘पोर्टल २’ प्लेस्टेशन ३ वर येणार हे जाहीर करायला आले.

सोनीने यातून घेतलेला धडा प्लेस्टेशन ४ मध्ये दिसतो. २०१३ चं ते यंत्र पीसीच्या जातीच्या प्रोसेसरवर होतं, ८ जीबी मेमरी सलग होती, आणि आखणी करताना मार्क सर्नी यांनी डेव्हलपरांना काय हवं ते आधी विचारून घेतलं.

८. कार्ट्रिज की डिस्क, याने एवढा काय फरक पडतो?

१९९६ मध्ये निन्टेंडो ६४ कार्ट्रिजवर (गेमची चिप असलेल्या डबीवर) ठाम राहिला. कार्ट्रिज महाग, बनायला वेळ लागणारं, आणि पैसे आगाऊ भरायचे. माल पडून राहिला तर तोटा पब्लिशरचा. सीडी स्वस्त होती आणि लागेल तशी पुन्हा छापता येत होती. जागेचा फरक तर आणखी मोठा. सीडीवर ६५० एमबी, तर निन्टेंडो ६४ च्या सर्वात मोठ्या कार्ट्रिजवर ६४. ‘फायनल फँटसी ७’ तीन सीडींवर आला, १९९७ मध्ये, प्लेस्टेशनवर. निन्टेंडोच्या यंत्रांवर वाढलेली एक लाडकी मालिका अशी शेजारी गेली.

‘रेसिडेंट इव्हिल २’ च्या दोन सीडी १९९९ मध्ये एका ६४ एमबीच्या कार्ट्रिजमध्ये बसवल्या गेल्या, व्हिडिओसकट. हे काम एंजल स्टुडिओजचं. मला ते आजही चमत्कारासारखं वाटतं.

हा प्रश्न संपलेला नाही. स्विच २ साठी काही पब्लिशर ‘गेम की कार्ड’ विकतात. कार्डात गेम नसतोच, तो डाउनलोड करावा लागतो. ‘सायबरपंक २०७७’ मात्र ६४ जीबीच्या खऱ्या कार्डावर आला, आणि संग्राहकांना त्याचा आनंद का झाला हे मी समजू शकते.

९. परवानगी न घेता कुणी कन्सोलसाठी गेम काढू शकतं का?

पूर्वी काढले गेले. अटारीवर कुलूपच नव्हतं. कुणीही काहीही काढलं, दुकानं सुमार मालाने भरली, आणि १९८३ मध्ये अमेरिकेत बाजार कोसळण्याच्या कारणांपैकी ते एक होतं. म्हणून निन्टेंडोने १९८५ मध्ये अमेरिकेत एनईएस हा कन्सोल आणताना आत टेनएनईएस ही कुलूप-चिप घातली. नियमही कडक: एका पब्लिशरला वर्षाला पाचच गेम, ते दोन वर्षं दुसऱ्या यंत्रावर न्यायचे नाहीत, आणि कार्ट्रिज निन्टेंडोच बनवणार. कोनामीने पाचची मर्यादा ओलांडायला अल्ट्रा गेम्स हे दुसरं नाव काढलं.

सेगाच्या जेनेसिस या कन्सोलच्या वेळी ईएने यंत्र स्वतः उलगडून त्याची रचना शोधली आणि १९९० मध्ये त्या बळावर सेगाकडून सोप्या अटी मिळवल्या. अॅकोलेड या कंपनीने तेच केलं तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं, आणि १९९२ मध्ये अमेरिकेच्या नवव्या सर्किटच्या न्यायालयाने अॅकोलेडच्या बाजूने कौल दिला. आजच्या कन्सोलवर गेमला कन्सोल कंपनीची कूटबद्ध सही लागते, त्यामुळे हा मार्ग व्यवहारात बंद आहे.

१०. वीनंतरच्या ‘वी यू’ या निन्टेंडोच्या कन्सोलच्या वेळी मोठमोठ्या घोषणा झाल्या होत्या. मग सगळे गेले कुठे?

२०११ च्या ई३ या गेम प्रदर्शनात ईएचे प्रमुख निन्टेंडोच्या मंचावर येऊन अभूतपूर्व भागीदारीची भाषा बोलले. वी यूवर ईएचे एकूण चार गेम आले, मग शांतता. ‘रेमन लेजंड्स’ फक्त वी यूसाठी होता आणि फेब्रुवारी २०१३ ची तारीख तोंडावर आली होती. युबिसॉफ्टने तो पुढे ढकलून सगळ्या कन्सोलवर एकाच वेळी आणला. गेम जवळजवळ तयार असताना अर्धं वर्ष थांबायला लागणं बनवणाऱ्यांच्या जिवाला लागलं असणार.

वी यू १ कोटी ३५ लाखांवर थांबला. खप नाही म्हणून गेम नाहीत, गेम नाहीत म्हणून खप नाही. या फेऱ्यातून बाहेर काढायचं तर कन्सोल कंपनीलाच पैसा ओतावा लागतो. ‘बायोनेटा २’ निन्टेंडोच्या पैशावर झाला.

११. गेम आपल्याच कन्सोलवर यावा (एक्सक्लुझिव्ह) म्हणून कंपन्या पैसे देतात का?

देतात. रोख, विकासखर्चात वाटा, किंवा जाहिरातीचा भार. ‘स्ट्रीट फायटर ५’ सोनीच्या साहाय्याने झाला आणि एक्सबॉक्सवर कधीच आला नाही. ‘राइज ऑफ द टूम रेडर’ २०१५ मध्ये एक्सबॉक्सवर आला आणि प्लेस्टेशन ४ वर वर्षभराने. जाहिरातीत ‘फक्त’ लिहिलेलं असलं तरी मुदत किती हे बहुधा लिहिलेलं नसतं.

कधी शब्दही मोडला जातो. कॅपकॉमने २००२ मध्ये निन्टेंडोच्या गेमक्यूबसाठी पाच गेम जाहीर केले. त्यातला ‘रेसिडेंट इव्हिल ४’ जानेवारी २००५ मध्ये गेमक्यूबवर आला आणि त्याच वर्षी प्लेस्टेशन २ वरही. गेम बनवायचा खर्च वाढत चालल्याने असे करार आता पब्लिशरांनाच जड जातात. ‘फायनल फँटसी १६’ प्लेस्टेशन ५ पुरता काढल्यावर स्क्वेअर एनिक्सने मे २०२४ मध्ये यापुढे अनेक कन्सोलवर जाण्याचं धोरण जाहीर केलं.

१२. एकाच कुटुंबातल्या दोन कन्सोलपैकी एक कमजोर असेल तर?

तर कमजोर यंत्र दोघांना अडवू शकतं. एक्सबॉक्स सिरीज एक्सची मेमरी १६ जीबी, सिरीज एसची १०, आणि सुविधा दोन्हीवर सारख्या हव्यात अशी मायक्रोसॉफ्टची भूमिका होती. ‘बाल्डर्स गेट ३’ मधलं एका पडद्यावर दोघांनी खेळणं सिरीज एसला पेलेना. प्लेस्टेशन ५ वर गेम सप्टेंबर २०२३ मध्ये आला, एक्सबॉक्सवर डिसेंबरमध्ये, तोही मायक्रोसॉफ्टने सिरीज एसपुरती ती सुविधा वगळू दिल्यावर.

१३. छोट्या स्टुडिओंसाठी हिशोब वेगळा असतो का?

हिशोब तोच, पण चूक सोसायची ताकद नसते. ‘फेझ’ ची गोष्ट बघा. २०१२ मध्ये एक्सबॉक्स ३६० वर त्याचा पॅच (दुरुस्तीसाठीचा अपडेट) आला आणि थोड्या खेळाडूंच्या सेव्ह फाइल बिघडवू लागला. दुसरा पॅच पुन्हा तपासणीला द्यायचा तर हजारो डॉलर भरावे लागणार होते. स्टुडिओने तोच सदोष पॅच ठेवला. मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये हे शुल्क काढून टाकलं, आणि माझ्या मते छोट्या डेव्हलपरांसाठी त्या पिढीतला तो सर्वात मोलाचा बदल होता.

डेव्हलपमेंट किटच्या (गेम बनवण्यासाठीच्या खास यंत्राच्या) किमतीही आड येत. प्लेस्टेशन ३ चं किट २००७ मध्ये कमी करून १०,२५० डॉलरला आणलं, २००९ मध्ये २,००० ला.

१४. क्लाउड आवृत्ती काढतात तो पोर्टच ना?

नाही. गेम दूरच्या सर्व्हरवर चालतो, तुमच्याकडे फक्त चित्र येतं. ‘कंट्रोल’ आणि ‘हिटमॅन ३’ स्विचवर असेच आले. पोर्टचा मोठा खर्च वाचतो, पण सर्व्हर बंद झाला की तुम्ही पैसे मोजून घेतलेला गेमही गेला. मी अशी आवृत्ती घ्यायचा सल्ला कुणालाच देत नाही.

१५. मग बंद झालेल्या कन्सोलवरही वर्षानुवर्षं गेम कसे येत राहतात?

कारण प्रश्न ३ मधला हिशोब कन्सोल बंद झाला म्हणून बदलत नाही. सेगाने ड्रीमकास्ट २००१ मध्ये बंद केला. ईएने त्याच्यासाठी एकही गेम काढला नव्हता. तरी जपानात अधिकृत गेम मार्च २००७ पर्यंत येत राहिले. सेगाचा नाओमी हा आर्केड बोर्ड (नाणं टाकून खेळायच्या यंत्रांचा) आतून जवळजवळ ड्रीमकास्टच होता, त्यामुळे त्यावरचे विमानं पाडायचे गेम थोडक्या कष्टात घरी आणता येत, आणि ते घेणारे मोजके पण पक्के होते.

प्लेस्टेशन २ वर ‘फिफा १४’ आला २०१३ च्या शरद ऋतूत, प्लेस्टेशन ४ दुकानात येण्याच्या बेतात असताना. आणि ‘जस्ट डान्स २०२०’ नोव्हेंबर २०१९ मध्ये वीवरही निघाला, कन्सोल येऊन तेरा वर्षं झाल्यावर. नाचायला लागणारा रिमोट तोच, नाचणारी घरं तीच, आणि युबिसॉफ्टला वीची वाट पाठ होती.